परिशिष्ट ड: उरलेल्या रोट्या

गृहीतक मी पुण्याहून नेलं होतं,
इस्त्री करून, हातातल्या बॅगेत:
जो माणूस घरी जास्त पैसे पाठवतो
तो घरी जास्त फोन करतो.
मार्गदर्शक म्हणाले, साधं आहे, सिद्ध होईल.
व्हिसा साठ दिवसांचा होता.

शारजा. सजा. सिमेंटच्या कारखान्यामागे
कॅम्प क्रमांक सात.
शुक्रवार दुपार, सावलीसुद्धा
भिंतीला पाठ लावून उभी.
पद्धतशीर नमुना: दर पाचवी खोली.
पाचवी रात्रपाळीची, गाढ झोपलेली.
दहावीला कुलूप.
पंधरावीत एक मुलगा, तापानं फणफणलेला;
त्याच्यापुढे संमतीपत्र कसं धरायचं?
मग जो भेटेल तो.
ह्याला पुस्तकात सोयीचा नमुना म्हणतात.
कुणाच्या सोयीचा, ते पुस्तकात नाही.

प्रश्न अकरा. महिन्यातून किती वेळा फोन?
निझामाबादचा लिंगय्या हिंदीत म्हणाला,
"पैसे पाठवले की कशाला करायचा?
नसले पाठवायला, की रोज करतो. समजवायला."
माझ्या चार पर्यायांत हे बसत नव्हतं.
गृहीतक तिथंच चपला काढून
जमिनीवर बसलं.

माझं मराठी पुटपुटणं ऐकून
मेसमधून आचारी बाहेर आला, कोपरापर्यंत पीठ.
हमीद सोलकर, राजिवड्याचा,
चोवीस वर्षं इथं.
"काय इचारतंस पोरांना?"
संशोधन, मी म्हटलं. निरीक्षण करायचं, नोंदवायचं,
मग त्यातून काही निघतं का बघायचं.
"म्हंजे ह्या?"
आणि पिठाच्या गोणीमागून त्यानं वही काढली.
वह्या. अकरा.

तारीख. जेवणारे. लाटल्या. उरल्या. का.

बारा मार्च. उरल्या चाळीस. पगार नाय.
दोन एप्रिल. उरल्या एकतीस. बावीस नंबरातल्या पोराची आई.
एकोणीस जून. उरल्या सहा. नवीन आलेत, लाजतात.
चार जुलै. उरल्या शून्य. पेशावरवाल्यांच्या खोलीत क्रिकेट.
सात जुलै. उरल्या बावन्न. क्रेन.
क्रेनपुढे काही नाही. पान तिथंच सोडलेलं.

हे कशासाठी लिहिलंत?
"उद्या पीठ किती भिजवायचा, त्ये कळाया."
उपयोजित संशोधन, मी मनात म्हटलं.
दीर्घकालीन. सहभागी.
आणि चोवीस वर्षांत एकही उत्तरदाता
त्यानं उपाशी उठवला नव्हता.

वापरू का, विचारलं. फॉर्म पुढे केला.
आजवर सगळ्यांनी न वाचता सही केली होती.
हा ओळ न ओळ वाचत गेला.
"आपण कोणत्याही क्षणी, कारण न देता
माघार घेऊ शकता."
तिथं बोट थांबलं. पीठ उमटलं कागदावर.
पुन्हा वाचलं.
"ह्या कंपनीला पन लिवाया सांग की."

मग सही केली.
नाव नको म्हणाला, माझं नको, पोरांचं नको,
रोट्या लिव.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा पुसला:
ह्या मापनाची विश्वसनीयता काय?
रोटीचा आकार चोवीस वर्षं
स्थिर होता, कशावरून?
प्रश्न चुकीचा नव्हता.
व्हरांड्यातून फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज.
"हात तोच हाय," हमीदभाई म्हणाले,
"खांदा दुखतो जरासा."
मी हे तळटीपेत घातलं.
खांद्यासकट.

वहीच्या पानांचे फोटो लावताना
शेवटचं पान मी फार उशिरा वाचलं.
त्या शुक्रवारचं.
जेवणारे एकशे एकोणचाळीस. लाटल्या चारशे दहा.
उरल्या चार. का:
पावनी आलेली. उभ्यानंच दोन खाल्ल्यान.
मोजीत होती.