त्रेसष्ट मिलिमीटर

सत्त्याण्णव सालचा चिमटा.
दुकानवाले शॉकप म्हणतात. मी चिमटाच म्हणतो,
पुढचं चाक त्यानंच धरलंय अजून.

उघडला तेव्हा आतले चार पिवळे ठोकळे
ठोकळे राहिले नव्हते.
थंड देशातल्या कुणी थंड देशासाठी ओतलेले,
कोलशेतच्या बाल्कनीत त्यांची काकवी झाली होती.
चमच्यानं काढली.
चमचा घरातलाच, त्यावरून झालेलं बोलणं इथे लिहीत नाही.

खाडीच्या हवेनं खालच्या नळ्यांवर पांढरा फुलोरा.
डिझेल, पॉलिश पेपर, दातांचा जुना ब्रश,
चार रविवार.

आणि मग वागळे इस्टेट. रोड बावीसच्या मागच्या गल्लीत
हमीद मुकादम पंपांची सीलं करतात.
त्यांनी लगदा बोटांत चोळला, हुंगला,
"पीयू आहे. शोअर किती हवं?"
इतक्या वर्षांत बरोबर प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला.
साठचे चार, सत्तरचे चार, लेथवर मधोमध भोक पाडून;
लाल किस माझ्या खिशातून घरापर्यंत आला.
पैसे विचारले तर म्हणाले, आधी बसून बघा.

बसून बघा. इथेच अडतं.
आपल्या वजनानं चिमटा किती दबला
ते बसणाऱ्याला दिसत नाही.
वाकून पाहावं तर वजन पुढे जातं, माप खोटं पडतं.
दुसरं माणूस लागतं.

म्हणून हेमलता गुडघ्यांवर, चष्मा कपाळाला,
हातात निनादच्या कंपासपेटीतली पट्टी,
पार्किंगमधल्या चौथ्या खांबापाशी.
मी खांब धरून, श्वास धरून.
वॉचमन गुरवनं खुर्ची पुढे ओढली.
"बावीस," ती म्हणाली.
तिशीत एकसष्ट किलो होतो, वहीत आहे.
आता त्र्याऐंशी. तेही लिहिलं.
साठचे काढले, सत्तरचे घातले, पांढरं ग्रीस,
पुन्हा खांब, पुन्हा श्वास.
"हलू नकोस रे. पंधरा."

मग पट्टी माझ्या हातात देत म्हणाली, "आता मी."

लग्नानंतर एकदाही तिनं मला वजन सांगितलेलं नाही.
चिमट्यानं सांगितलं.
मी आकडा मोठ्यानं उच्चारला नाही,
वहीत नुसती रेघ ओढली.
गुरवनं मान दुसरीकडे वळवली, शहाणा माणूस.

येऊरच्या फाटकाशी सकाळी पोरं थांबतात,
दीडशे मिलिमीटरवाली.
"काका, फक्त त्रेसष्ट?"
हो. पुरतात.

नळीवर एक झिपटाय बांधलाय, सैलसर.
धक्का बसला की वर सरकतो
आणि तिथेच थांबतो,
त्या फेरीतल्या सगळ्यात खोल धक्क्याची खूण.
माझ्या फेऱ्यांत चाळिसाच्या वर कधी गेला नाही.

परवा ती एकटी गेली.
आली, सायकल भिंतीला टेकवली,
हात धुऊन गवार मोडायला बसली.
मी फडका मारायच्या निमित्तानं वाकलो.
झिपटाय थेट वर, टोकाला.

"कुठे गेली होतीस?"
"उपवनला. तळ्यापर्यंत."
तळ्याच्या रस्त्यावर एवढा खड्डा नाही.
"आणि?"
"आणि काय? गवार जून आणलीस."

झिपटाय मी अजून खाली ओढलेला नाही.
मुकादमांना सांगून ठेवावं म्हणतो,
ऐंशी शोअरचे दोन.