ताण

अकराव्या दिवशी कडुनिंबाची काडी लाल निघाली.
मोरीवर धुतली, पुन्हा चावली. पुन्हा लाल.

तीन वर्षं रोज चार पिवळ्या गोळ्या.
साथीच्या साली चेतननं अमरावतीहून पाठवल्या,
मग मीच मागवत गेले.
शेंदुरजनाघाटच्या शेडमध्ये दिवसभर संत्री निवडायची,
बोटांच्या पेरांत सालीचं तेल,
आणि डब्यात लोणच्याशेजारी गोळ्यांची पुडी.
रुखमा हसायची,
"इहिरीत बसून गिलासभर पाणी मांगून रायली व!"

मग मुतखडा. वरुडच्या डॉक्टरनं फोटोत दाखवला,
ज्वारीच्या दाण्याएवढा.
गोळ्या बंद करा म्हणाला.
मी त्याच संध्याकाळी डबा उकिरड्यावर ओतला.
एक कोंबडी आली, चोच मारली, निघून गेली.

आठवडाभर काहीच नाही.
मग पोटऱ्या भरून यायला लागल्या.
मांडीवर जांभळा डाग,
कुठं आपटले ते आठवेना.
आणि ही काडी.

डॉक्टर हिरड्या बघून म्हणाला,
होतं म्हणतात असं कुणाकुणाला, सगळे मानत नाहीत.
अंगाला उधळायची सवय लागते,
येईल तेवढं बाहेर टाकायची.
आवक थांबली तरी हात थांबत नाही.
पुढचा पेशंट आत आला. मी उठले.

पाटाजवळ जगोबा भोंडे आळी चाळत होता.
पौष. बागेला ताण द्यायचे दिवस.
मी तोंड उघडून दाखवलं, म्हाताऱ्याला काय लाज.
त्यानं पाहिलं, मग झाडाकडं पाहिलं.
"याइले वर्षभर पाजलं ना बाई,
मुया वरच बसल्या, ऐदी झाल्या.
आता एकदम तोडलं तं पानं गयतीन.
पाळी लांबवा लागते.
आठाची दहावर, दहाची पंधरावर.
तू तं एका दिवशी मोटारीचा फ्यूजच काढला."

डॉक्टरला विचारून नवी पुडी आणली.
दोन. मग एक.
मग अडकित्त्यानं अर्धी,
सुपारीसारखी उडून चुलीमागं गेली, शोधत बसले.

आज शेडमध्ये एक डागी संत्रं बाजूला काढलं,
दिल्लीला न जाणारं.
नखानं सोललं. तीन वर्षांत पहिलं.
हिरड्यांना झोंबलं,
डोळ्यांत पाणी आलं.
रुखमा म्हणाली, "आंबट हाय का?"
म्हटलं, नाही.
फोडी मोजून खाल्ल्या. अकरा होत्या.