बुजलेली चीर

लुनेनबर्गच्या खालच्या अंगाला, गोदामाच्या दारात,
ओल्या फळीवर एक खोका. पाच डॉलर.
वरती तीन गंजके पाने,
रंध्याचं नुसतं खोड (पातं कुणीतरी आधीच उचललेलं),
दात झडलेली करवत,
आणि तळाशी, फाटक्या जाळ्यात गुरफटून,
ही.

हिमलमनांची सून म्हणाली, क्रोके खेळायची असेल.
मी हं म्हटलं.
विकत घ्यायची वस्तू ओळखीची आहे
हे चेहऱ्याला कळू द्यायचं नसतं.

लांबुडकं डोकं, दोन्ही टोकांना लोखंडी कडी,
आणि मधोमध आरपार चिरा.
लोकांना वाटतं फुटलीय. लांबी भरून, रंग देऊन
भिंतीवर टांगतात.
फुटलेली नसते.
जहाजाच्या सांध्यात काथ्या ठोकणाऱ्याची मोगरी ती,
चिरांमधून बोलते.

कडी व्हिनेगरमध्ये दोन रात्री.
तिसऱ्या सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं.
तांबडा गंज काढला, काळा ठेवला.
तांबडा खातो, काळा राखतो.
लाकडाला जवसाचं तेल, कोमट, हात आखडून,
आणि तेलाच्या चिंध्या कुंपणावर पसरून,
कारण बोळा केला की त्या आपसूक पेटतात.
माझ्या मावसभावाची शेड अशीच गेली,
आत दोनशे रंधे होते. तो अजून त्यांचीच नावं घेतो,
शेडचं नाही.

मग दांडा.
ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर हातात होता.
दोन फराटे मारलेही,
तेव्हा लाकडात एक खळगा लागला, बोटाच्या पेराएवढा, गुळगुळीत.
उजवा अंगठा ठेवला, बसेना.
डावा ठेवला.
कागद खाली ठेवला आणि थोडा वेळ
काहीच केलं नाही.

बुडाशी तापल्या खिळ्याने डागलेली दोन अक्षरं:
ई, आणि पुढे बी की आर, भिंगाखालीही ठरेना.
जुन्या गोदीच्या पगारवहीत ई-वाले अकरा निघाले.
वहीत मजुरी होती, दांड्या होत्या,
डावा-उजवा कुणी लिहिलेला नव्हता.

म्हणून ऑरिन निकलकडे गेले, वृद्धाश्रमात.
वय त्र्याण्णव, डोळे गेलेले,
चौदाव्या वर्षापासून सांधे भरलेला माणूस.
मोगरी त्यांच्या हातात दिली नाही.
ओकची फळी मांडीवर घेतली, पटाशी टेकवली,
आणि ठोकलं.

थांब, म्हणाले. परत.
परत ठोकलं. नर्स दारात येऊन उभी राहिली.

एल्सवर्थ रिट्सी, म्हणाले. डावरा.
माझं चाळीस सेंटांचं देणं ठेवून मेला.
एक चीर बुजलीय बघ.

पाहिलं. खरंच, आतून डांबर घट्ट बसलेलं,
मला वाटलं होतं तो लाकडाचाच काळेपणा.
म्हटलं, घरी बारीक करवत आहे, काढते.

मुळीच नको!
अगं, त्यानेच भरलंय ते.
घर टेकडीवर. त्याची कोरा स्वयंपाकघरात बसून
बारा मोगऱ्यांतून याची ओळखायची.
ही थांबली की तिला कळायचं
स्वारी रमकडे निघाली.
म्हणून यानं आवाज बदलला.
मग? मी विचारलं.

मग काय, ऑरिन हसले, खोकला येईपर्यंत हसले,
अख्ख्या गोदीत तेवढी एकच बद्द वाजणारी मोगरी.
आंधळ्यालाही कळावी.

करवत तशीच खिळ्यावर टांगलेली आहे.
मोगरीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलीय, किंमत न घातलेली:
एल्सवर्थ रिट्सी. डावरा.
एक चीर मुद्दाम बुजवलेली.
दांड्यावरचे दोन फराटे माझे.