रकाना सहावा

ट्रेझरीत अडतीस वर्षं मी एवढंच तपासलं:
खाली सही कुणाची,
आणि सही करणाऱ्याला हक्क कुणी दिला.
म्हणून तर इंदूर छावणीतल्या आमच्या मंडळीनं
वाळवीनं खाल्लेलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर
माझ्यापुढे आणून ठेवलं.
"नाओमीताई, नव्यात उतरवा. तुमचं अक्षर मोत्यासारखं."

नाव. जन्म. बाप. आई. ठिकाण.
सहावा रकाना: बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव.
पानोपान पाळकांच्या सह्या.
एक कॅनडाचे, शेपटी थेट समासापर्यंत ओढणारे.
एक नगरकडचे,
स्वतःच्याच नावातली वेलांटी दर वर्षी बदलणारे.

मग एकाहत्तरचा डिसेंबर.
जयवंत, आडनाव रणपिसे, सातव्या महिन्याचा.
ठिकाण, मिशनचं इस्पितळ.
सहाव्या रकान्यात शिसपेन्सिलीनं, पुसट:
गेंदा, फरशी पुसणारी.

पलासियात रत्नप्रभा सिस्टर अजून आहेत.
कान गेलेत, ती रात्र गेली नाही.
ब्लॅकआउट होता, म्हणाल्या,
कंदिलाला काळा कागद,
पाळकसाहेब महूला गेलेले,
पोर निळं पडत चाललेलं,
आई एकच म्हणत होती, बिननावाचं नका जाऊ देऊ.
माझे हात ऑक्सिजनच्या नळीत अडकलेले.
गेंदानं बादली बाजूला सारली.
साबणानं हात धुतले. पुन्हा धुतले.
सुया उकळून गार केलेलं पाणी ओंजळीत घेतलं
आणि दाराआडून वर्षानुवर्षं ऐकलेले शब्द
तिच्या माळवीत म्हणाली.
बाप, बेटो, पवित्तर आतमा.
तेव्हा नर्मदा शहरात आली नव्हती, बरं का.
यशवंतसागरचं पाणी ते.

पंचकमिटीत केदारी उठले:
"हे रोमनांत चालतं. आपल्यात नाही."
कुणी तरी हळूच विचारलं,
खुद्द गेंदाचा बाप्तिस्मा कधीचा?
मी तिन्ही रजिस्टरं चाळली. कुठेच नाही.
तारीख पुढची पडली.

रात्री मी साखळी मोजत बसले,
फाइल वर वर चढवतात तशी.
आमच्या पाळकांच्या डोक्यावर बिशपचे हात,
त्या बिशपच्या डोक्यावर आधीच्याचे,
हातामागे हात, समुद्रापार,
मासळीचा वास येणाऱ्या हातांपर्यंत,
आणि त्यांच्याही मागे
आरपार भोक पडलेला एक तळहात.
तिथे सही नाही. शिक्का नाही.
त्यालाही मंदिराच्या अंगणात गाठून
माझाच प्रश्न विचारला होता शहाण्यांनी:
हे तू कुणाच्या अधिकारानं करतोस?
त्यानं उत्तर दिलं नाही.
उलट विचारलं, नदीतला तो बाप्तिस्मा
वरून आला होता की माणसांकडून?
सगळे गप्प.
ट्रेझरीत अशा फाइलीवर मी लाल पेन्सिलीनं
"खुलासा अपूर्ण" लिहून परत पाठवली असती.

जयवंतला मी बोलावून घेतलं.
सियागंजात टायरचं दुकान आहे त्याचं,
चर्चला फक्त नाताळात, मागचा बाक,
देणगी मात्र रोख.
मुलीच्या लग्नासाठी दाखला हवाय त्याला.
सगळं ऐकून घेतलं, घाम पुसला,
म्हणाला, "ताई, पाणी पडलं होतं ना डोक्यावर?
मग झालं.
ती बाई कुठे राहायची, माहीत आहे?"

माहीत नाही.
माणपूरकडची, असं सिस्टर म्हणतात.
आडनाव कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या बैठकीची मी वाट पाहिली नाही.
काळ्या शाईनं, ठळक,
दोनच अक्षरं लिहिली: गेंदा.
फरशीचा उल्लेख गाळला. नंतर पुन्हा घातला.
पंखा फुल होता, पान फडफडत होतं.
शाई वाळेपर्यंत
त्याच्या वरच्या कडेवर
तळहात ठेवून बसून राहिले.