रात्रपाळीची नोंद

फ्रेझरबराच्या बंदराकडे पाठ करून
उभं आहे आमचं घर. सहा खोल्या, सहा मुलं,
कोणत्याच मुलाचं नसलेलं.

रात्री दहाला मी बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन
दारोदार फिरते. मुलं फोन ठेवतात त्यात,
पडलेला दात तळहातावर द्यावा तसे.
स्ट्रूअन जुना, कधीचा मेलेला फोन देतो.
मला ठाऊक असतं. त्यालाही ठाऊक असतं.
डब्याला वजन येतं, तेवढ्यावर भागतं आमचं.

मग नोंदवही.
४.१०. मिरेनला हाक मारली. प्रतिसाद नाही.
६.३०. जेवताना मान खाली. मटार तसेच.
८.००. कोर्टाचा विषय काढला. स्क्रीन.
पोर कुठे गेलं ते
एका शब्दात लिहून मोकळं होता येतं.

मंगळवारी चादरी बदलताना
तिच्या उशीखाली वही सापडली.
डावीकडे वेळा, माझ्यासारख्याच.
वर नाव: ग्रीअर.

५.१५. ग्रीअर सोफ्यावर. अंगठा चालू.
५.२२. हसली. आम्हाला नाही.
५.४०. मी सांगितलं, आईचं पत्र आलंय, ती मला नेणार नाही.
ग्रीअर म्हणाली, हं.
५.४१. परत सांगितलं. निळं पाकीट दाखवलं.
ग्रीअर म्हणाली, अरे वा.
५.५०. चहा मी केला. तिचा गार झाला.

काय बघत होते मी तेव्हा?
एक माणूस गंजलेली कुऱ्हाड घासत होता.
शेवटपर्यंत बघितलं.
नवा दांडासुद्धा बसवला त्यानं.

वही होती तशी ठेवली, त्याच तिरप्या कोनात.
आता पाकिटाचं विचारायचं
तर वही वाचली हे सांगणं आलं.

दहाला डबा पुढे केला.
मिरेननं फोन ठेवला, हात काढला नाही.
"आणि तुझा?"
मला ड्युटीचे कॉल येतात, मी म्हणाले.
ते खरंही आहे.

अकरा वीसला ती पाण्यासाठी खाली आली.
पाणी प्यायली नाही.
टेबलावर दोन कप होते, वाफ निघत होती,
माझा फोन वर, कोटाच्या खिशात, कुठेतरी गुरगुरत.
ती बसली. एक घोट घेतला.
"मला दोन चमचे लागते साखर.
वर्ष झालं मी इथे आहे."

हं, असं अगदी ओठांवर आलं होतं.
गिळलं.