शेऱ्याचा रकाना

माझे वडील शिकारखान्यात कारकून.
जन्मात बंदूक धरली नाही त्यांनी,
पण ग्वाल्हेरला, लष्करातल्या आमच्या दोन खोल्यांत
मी मुळाक्षरं गिरवली
ती जुन्या रजिस्टरांच्या मागच्या कोऱ्या पानांवर.
पुढच्या पानांवर अस्वलं असत.

तारीख. ठिकाण. रीत. नर की मादी. लांबी फूट-इंचांत.
शेवटी शेरा, तो बहुधा रिकामा.

रीत ऋतूगणिक बदले.
ज्येष्ठात पाण्यावर: घाटीगावच्या पुढे एकच डबकं उरायचं,
वर मचाण,
आणि तहानेला दुसरी वाट नाही.
बोरं पिकली की हाका. चाळीस माणसं, ढोल, रिकामे डबे,
रोजी दोन आणे, दुखापतीचे वेगळे.
पावसाळ्यात कुणी जात नसे.
गवत छातीएवढं; जखमी जनावराच्या मागे
शिरायचं कुणी?

हे सगळं सांगायचा पंचम सहरिया.
दर दोन तारखेला पगाराचा अंगठा उठवायला यायचा,
ओट्यावर उकिडवा बसून चहा बशीत ओतायचा.
अस्वलाला तो रीछ म्हणे, आणि तेही हळू.
त्याची बायको हरबो. चैत्रात, पहाटे, महुआ वेचताना
एका रीछानं तिचा डावा डोळा नेला.
साहेब म्हणाले, चल, चांदणं आहे,
त्याच झाडाखाली झिंगलेला सापडेल.
पंचम गेला नाही.
"जेवत्याला मारत नाहीत, बाबूजी.
ताट त्याचं होतं. हात आम्ही घातला."

हरबोला विचारलंस का, आई आतून म्हणाली.

पंचमनं बशी खाली ठेवली.

थंडीचं त्यानं एकदाच सांगितलं.
खोहीच्या तोंडाशी कातळाला कान लावायचा.
आत मोहोळ गुणगुणल्यासारखं वाटलं
तर ती पिल्लं, पंजे चोखताहेत;
आल्या पावली परतायचं.
त्या पौषात त्यानं कान लावला.
वळून सांगितलंसुद्धा.
साहेबांनी ओला पेंढा पेटवायला लावला.
कुणी पेटवला, ते वडिलांनी विचारलं नाही.

रजिस्टरात एक ओळ:
पौष. देवखो. धूर. मादी १. पाच फूट दोन.

दोन वर्षांनी आमच्या गल्लीत कलंदर आला.
डमरू, नाकात दोरी, गळ्यात लाल चिंधी.
आईनं पसाभर पीठ घातलं.
पोरं पांगल्यावर ते जनावर
आमच्या पायरीला पाठ टेकून बसलं
आणि त्यानं पंजा तोंडात घातला.

वडील आत कोट काढत होते.
"अगं, मोहोळ कुठं लागलंय बघ," म्हणाले,
आणि एका बाहीतला हात तसाच राहिला.

ते रजिस्टर आता माझ्याकडे आहे.
त्या ओळीच्या शेऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंय: २.
बाकी पानभर शाई.
आकडा त्यांच्याच हातचा,
मी वाण्याच्या हिशेबाच्या वहीशी ताडून पाहिला.