ओहोटीला उघडणारं दार

चोडणच्या बंधाऱ्यात आमची मानस:
ऐनाच्या लाकडाची दोन झडपं,
भरतीनं मिटतात, ओहोटीनं उघडतात,
कुणी सांगावं लागत नाही.
शाळेत मराठीच्या मास्तरांनी फळ्यावर लिहिलं,
मानस म्हणजे मन.
मी हसलो होतो. अकरा वर्षांचा होतो.

आता चोपन्न.
राखेच्या बुधवारी गेल्या सालच्या झावळ्यांची राख
पाद्रीबाबांच्या अंगठ्यानं कपाळावर टेकली,
थोडी नाकावर सांडली. पुसली नाही.
अख्ख्या इगर्जीत सगळ्यांना तेवढीच राख,
त्यामुळे माझी कुणाला वेगळी दिसली नाही.

प्रभू, तुला ठाऊक आहे, तरी सांगतो.
तुला ठाऊक असणं मला पुरत नाही.

त्या वर्षी मानशीच्या मासळीचा लिलाव
पास्कोलनं घेतला, माझ्यावर साडेसहाशे चढवून.
माझ्या बापानं चाळीस वर्षं राखलेलं दार.
पुनवेच्या रात्री मी चिखलात उतरलो
आणि झडपेच्या सांध्यात एक चिरा खुपसला,
सोललेल्या नारळाएवढा तुकडा.
भरती आली. दार अर्धं मिटून थांबलं.
सकाळी पास्कोलच्या शेतात खाडी चमकत होती,
आणि हातभर वाढलेलं भात
चार दिवसांत करपलं, आगीवाचून.
लोक म्हणाले, खेकड्यांनी बांध पोखरला.
मीही म्हणालो.
बिळंसुद्धा दाखवली.

शेतातलं मीठ दोन पावसांत उतरतं.
तीन झाले. पास्कोलचं भात पुन्हा उभं राहिलं.
मी मात्र तेर्साला बसलो की
मणी बोटांखाली खडेमिठासारखे कुरकुरायचे.
मला धू, म्हणायचो, धू, धू,
आणि दार आतून धरून बसायचो.
मानशीपाशी जन्म काढलेल्या माणसाला
हे कळायला हवं होतं:
पाणी आत येतं त्यानं काही धुतलं जात नाही,
धुतलं जातं ते बाहेर जाताना.

शेवटी कुमसाराला गुडघे टेकले.
जाळीपलीकडे खोकला, पेपरमिंटचा वास.
मी म्हणालो, राग. मग म्हणालो, खोटं.
मग गप्प.
पाद्रीबाब म्हणाले, "आणि?"
एवढंच.
त्या एका "आणि"नं सांध्यातलं काहीतरी हललं.
सगळं सांगितलं, नारळाएवढ्या तुकड्यासकट.
ते म्हणाले, "पाच वेळा 'आमच्या बापा'.
पण ते परत येताना. आधी पास्कोलकडे."

बांधावरूनच गेलो, पाय पोटरीपर्यंत माखले.
फेल्सियाना सोप्यावर कैऱ्या मिठात भरत होती.
पास्कोल जाळं सांधत होता.
मी उभ्यानं बोललो, पाठ केलेलं सगळं विसरून.
फेल्सियाना उठली, आत गेली,
मी असेपर्यंत बाहेर आली नाही.
पास्कोलनं गाठ पूर्ण केली, दोरा दातानं तोडला.
"तो चिरा माझ्याकडे आहे," म्हणाला.
"त्या सकाळी मीच काढला. बापानं तुझ्या
दगड ठेवलेला कधी ऐकला नव्हता."
मग हनुवटीनं दाखवलं,
"विहिरीपाशी आहे. पाय घासायला बरा.
तुझे बघ कसे झालेत. जा, धुऊन ये, मग बस."

प्रभू, मी तुझ्याकडे
कसलं कसलं पाणी मागत होतो.
तिथं एक पत्र्याची बालदी होती,
आणि माझाच दगड, तीन वर्षांत
एका बाजूनं गुळगुळीत झालेला, दुसरीकडून खरखरीत.
खरखरीत बाजूनं घासलं.
टाचेपाशी थोडं रक्त आलं.

परतताना तीन वेळा "आमच्या बापा" झालं,
चौथ्याला मानशीपाशी पोचलो.
ओहोटी लागली होती. झडपं उघडी,
आणि शेतांतलं पाणी निघालेलं,
आधी काळं, काड्या, फेस, कुजकी पानं,
नंतर नुसतं पाणी.
उरलेल्या दोन्ही प्रार्थना तिथंच म्हटल्या,
घाई न करता,
"जशी आम्ही क्षमा करतो" इथं जरा अडखळत.